इलेक्ट्रॉनिक पुरावा : न्यायनिर्णयांतून झालेला विकास

ध्वनिफीत, संगणक, कॅमेरा इ. साधनांत साठविलेली माहिती वादग्रस्त मुद्दा सिद्ध करण्यासाठी न्यायालयात सादर होते, तेव्हा तिला इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हणतात. भारतीय पुरावा अधिनियम १८७२ साली झाला, तेव्हा ध्वनिमुद्रणही अस्तित्वात नव्हते. ही उणीव प्रथम न्यायनिर्णयांनी भरून काढली. ‘मलकानी वि. महाराष्ट्र राज्य’ (१९७२) ह्या मुंबईतील लाचप्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी-संभाषणाची ध्वनिफीत ग्राह्य मानली. संभाषण वादाशी संबद्ध असावे, आवाजाची ओळख पटावी व फितीत फेरफार झाल्याची शक्यता उरू नये, ह्या तिच्या अटी होत.

माहिती तंत्रज्ञान अधिनियमान्वये १७ ऑक्टोबर २००० पासून पुरावा अधिनियमात ६५–ब हे कलम आले. संगणकीय नोंदीच्या प्रतीसोबत जबाबदार व्यक्तीचे प्रमाणपत्र त्यात विहित होते. त्याच्या आवश्यकतेबाबत मात्र निर्णय बदलत गेले : नवज्योत संधू खटल्यात (२००५) ते अनिवार्य मानले नाही, अन्वर खटल्यात (२०१४) अनिवार्य ठरले, तर शफी महंमद खटल्यात (२०१८) उपकरण ताब्यात नसलेल्या पक्षकारास सूट मिळाली.

हा विसंवाद जालना येथील निवडणूक याचिकेने संपविला. १०१४ नव्हे, २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मतांनी विजयी झाले. खोतकरांचे नामनिर्देशनपत्र दुपारी तीननंतर दाखल झाले, हा आक्षेप निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणावर आधारलेला होता. परंतु वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. जळगाव, धुळे या खानदेशातील जिल्ह्यांचीही अपिले ज्याच्याकडे जातात, त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) खंडपीठाने अधिकाऱ्याची साक्ष पुरेशी मानून २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरविली. सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्य पीठाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला. मूळ उपकरणच सादर केल्यास प्रमाणपत्र लागत नाही; प्रतीसाठी मात्र ते अनिवार्य असून तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. ते नाकारले गेल्यास पक्षकाराने न्यायालयाकडे दाद मागावी. सर्व प्रयत्न करूनही ते न मिळाल्यास अशक्य गोष्टीचे बंधन त्याच्यावर राहत नाही. ह्या न्यायाने खोतकरांचे अपील फेटाळले गेले. तोपर्यंत त्या विधानसभेची मुदत संपून गेली होती.

नशिराबादसारख्या गावातील सामान्य पक्षकाराच्या दृष्टीने ह्या निर्णयाचे महत्त्व मोठे आहे. कारण बँकेच्या, दूरध्वनी कंपनीच्या वा शासकीय कार्यालयाच्या नोंदी त्याच्या ताब्यात नसतात. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमात प्रमाणपत्राची अट कायम असून त्यावर तज्ज्ञाचीही स्वाक्षरी आवश्यक केली आहे.