अंजूरचे नाईक आणि मुंबईचा गव्हर्नर

भिवंडीहून ठाण्याकडे निघालेला प्रवासी अंजूर फाट्यावर आला की मालमोटारींच्या रांगेत अडकतो. गोदामे, कापडाचे तागे आणि धूळ यांपलीकडे तेथे त्याच्या नजरेस काही पडत नाही. ज्या गावावरून या फाट्याला नाव पडले ते अंजूर खाडीच्या अंगाला आहे. त्या गावच्या नाईक घराण्याने अठराव्या शतकात एका सरकारचे गुपित दुसऱ्या सरकारच्या हाती नेऊन दिले, ही हकीकत मात्र या रस्त्याने रोज जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

वसई आणि साष्टीचा मुलूख १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होता. गावेच्या गावे त्यांच्या सरदारांना तोडून दिलेली. हिंदूंना उघडपणे धर्मकृत्ये करण्याची बंदी, आणि वर गोव्याच्या धर्मन्यायालयाचा धाक. खाडीच्या अलीकडे कल्याण-भिवंडीत मराठ्यांचा अंमल बसला होता. पलीकडून दडपण वाढते आहे हे ओळखून पोर्तुगीजांनी ठाण्यास किल्ला बांधावयास घेतला. पण तो पुरा व्हावयाचा होता. अर्धवट किल्ल्याइतके नाजूक गुपित दुसरे नसते. तट कोठवर चढला, कोणता भाग उघडा राहिला, शिबंदी किती आणि खाडी कोठे उतरता येते, हे सारे कागदात नसते. ते त्या काठावर वावरणाऱ्या माणसांच्या डोळ्यांत असते.

अशा माणसांत अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे भाऊ होते, आणि मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे होते. पोर्तुगीजांच्या जाचाने ही मंडळी पेशव्यांच्या दारी गेली, त्यांनी माहिती पुरविली, वाटा दाखविल्या. १७३७ च्या उन्हाळ्याच्या तोंडी मराठ्यांची फौज रात्री खाडी उतरली आणि ठाणे हाती आले. उत्तर प्रांताचा पोर्तुगीज अधिकारी लुई बोतेल्यु हा उरणच्या बाजूस करंजाला निघून गेला. दोन वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांपुढे वसईही नमली.

आता प्रश्न हेतूचा. आपण या मंडळींना देशभक्त म्हणून मोकळे होतो. पोर्तुगीज दप्तराला ती फितूर वाटली असतील तर त्यात नवल नाही. खरे पाहता साष्टीच्या बखरीसारखी साधने वाचताना दोन्ही विशेषणे अपुरी पडतात. ही बखर नाइकांच्या बाजूने बोलते आणि श्रेय त्यांच्या पदरात घालते. कावळ्यांची कैफियत वाचली तर मोहिमेचा सूत्रधार निराळाच दिसू लागतो. त्या काळी अशा सेवेचे चीज वतनाने आणि इनामाने होई. तेव्हा धर्माचा संताप, हिरावलेल्या हक्कांची चीड आणि उद्याच्या वतनाची आशा ही तिन्ही एकाच मनात नांदत असणार. कोणती किती, हे तोलण्याचा काटा इतिहासकाराजवळ नाही. परंतु एक गोष्ट काट्यावाचूनही दिसते. हल्ला फसला असता तर या माणसांची घरे आणि नातीगोती पोर्तुगीजांच्या टाचेखाली होती. त्यांनी जे फोडले त्याची जोखीम त्यांच्याच माथी होती.

आता दुसरे गुपित पाहा. ठाणे गेल्यावर ते परत घेण्याची तयारी पोर्तुगीजांनी १७३८ च्या अखेरीस केली. बेत चांगला आखलेला होता. पण हल्ला येण्यापूर्वीच ठाण्यातील मराठे सावध झाले होते. त्यांना सावध करणारा कोणी कोळी अगर भंडारी नव्हता. तो होता मुंबईचा इंग्रज गव्हर्नर जॉन हॉर्न. पोर्तुगीजांच्या तयारीची वार्ता त्याने मराठ्यांना कळविली आणि नेटाने ठाणे राखण्याचा सल्लाही दिला. हल्ला मोडून निघाला व खुद्द पोर्तुगीज सेनानायक त्यात पडला. पोर्तुगीजांनी इंग्रजांवर दगाबाजीचा आरोप केला, आणि तो अगदी निराधार म्हणता येत नाही.

या हॉर्नसाहेबाला मराठ्यांचे प्रेम होते काय? त्याच्या सरकारची वर्तणूक ओळीने मांडली म्हणजे उत्तर आपोआप मिळते. १७३७ मध्ये मराठे साष्टीत उतरले तेव्हा याच मुंबईकरांनी पोर्तुगीजांच्या मदतीस माणसे धाडली. १७३८ मध्ये पोर्तुगीजांचाच बेत मराठ्यांना कळविला. १७३९ मध्ये वसईस वेढा पडला असता पोर्तुगीजांना १५,००० रुपये कर्जाऊ दिले, तेही चर्चमधील चांदीची उपकरणे आणि पितळी तोफा तारण ठेवून घेऊन! आणि वसई पडताच, त्याच वर्षीच्या जुलैत, कॅप्टन इंचबर्डला चिमाजी आप्पांकडे पाठवून पेशव्यांच्या मुलखात व्यापाराची मोकळीक मिळविली. मुंबईला जाणाऱ्या होड्यांवर ठाण्यास व करंजास पोर्तुगीज जकात घेत, हे इंग्रजांचे जुने दुखणे होते. ठाणे पुन्हा त्यांच्या हाती जाऊ नये यात मुंबईचा फायदाच होता. मात्र मराठ्यांचे भयही तितकेच होते. कारण त्याच सुमारास मुंबईभोवती खंदक खणण्यासाठी तेथील व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपयांची वर्गणी उभारली. मित्र म्हणून गुपित सांगावयाचे आणि त्याच मित्राच्या भीतीने खंदक खणावयाचा, असा तो कारभार!

तरीही हॉर्नने कळविलेली वार्ता खरी होती, हे विसरून चालणार नाही. फसवणूक त्या वार्तेत नव्हती, ती सांगण्यामागे जे स्नेहाचे सोंग होते त्यात होती. फुटलेल्या गुपिताविषयी आपण बहुधा एवढेच विचारतो की, हे खरे की खोटे? ते खरे निघाले की सांगणाऱ्यालाही खरा समजतो. उलट सांगणाऱ्याचा स्वार्थ उघडा पडला की त्याची माहितीही खोटी ठरवितो. दोन्ही घाई आहे. माहितीची पारख एक आणि माणसाची पारख दुसरी. त्यांची गल्लत झाली की राज्ये फसतात.

या फसगतीचा दाखला शोधावयास ठाणे सोडून जावे लागत नाही. १७७४ मध्ये साष्टी परत घेण्यासाठी पोर्तुगीजांचे आरमार येत असल्याची बातमी मुंबईस पोहोचली. इंग्रजांनी आधी ठाण्याच्या मराठा किल्लेदाराशी पैशांची बोलणी लावून पाहिली. ती साधेनात तेव्हा तोफा लावल्या आणि २८ डिसेंबर १७७४ रोजी किल्ला घेतला. पोर्तुगीज येण्याची भीती हे निमित्त पुढे करण्यात आले. साष्टीवरचा डोळा मात्र फार जुना होता. जे ठाणे राखा म्हणून छत्तीस वर्षांपूर्वी एका गव्हर्नरने मराठ्यांना सावध केले, तेच त्याच्या वारसांनी मराठ्यांकडून हिसकावले.

त्या किल्ल्याच्या तटाआड पुढे तुरुंग आला, तो आजही आहे. गंगाजी नाइकांनी गुपित दिले ते आपल्या गावाच्या खाडीपलीकडचे, आणि देऊन ते त्याच काठावर राहिले. हॉर्नने दिलेले गुपित परक्याचे होते. किंमतही परक्यानेच मोजली, आणि पावती मुंबईच्या वखारीत जमा झाली. हेतूचा तळ कोणालाच दिसत नाही हे मान्य. पण गुपित फोडल्यावर माणूस कोणत्या काठावर राहतो आणि फुटल्याची झळ कोणाला लागते, एवढे तरी आपल्याला पाहता येते. आणि पुष्कळदा तेवढे पुरते.