कार्मेलच्या पोटातील वाट

कार्मेल हे नाव आपल्या समाजात कोणाला ठाऊक नाही? एलियाहू हन्नाबींनी ज्या पर्वतावर बआलच्या पुजाऱ्यांना निरुत्तर केले, तोच हा पर्वत. मलिद्याचे ताट पुढे ठेवून ज्यांचे आपण स्मरण करतो, त्यांच्या नावाची गुहा याच पर्वताच्या पायथ्याशी, हैफा शहरात आहे. आपली मंडळी तेथे दर्शनाला जातात. परंतु त्याच पर्वताच्या पोटातून जी गाडी धावते, तिची रचना आणि तिचा इतिहासही जाणून घेण्याजोगा आहे. तो येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

या गाडीचे नाव कार्मेलित. मार्गाची लांबी सुमारे १,८०० मीटर. एवढ्या अंतरात ती सुमारे २७४ मीटर उंची चढते. इतक्या चढावर साध्या आगगाडीची चाके टिकाव धरणार नाहीत. म्हणून येथे दोन गाड्या एकाच पोलादी दोराच्या दोन टोकांना जोडलेल्या आहेत. कोकणातील विहिरीवर कप्पीच्या दोराला दोन पोहरे बांधले, की एक खाली उतरताना दुसरा वर येतो, तसाच हा प्रकार होय. उतरणाऱ्या गाडीचा भार चढणाऱ्या गाडीच्या कामी येतो, आणि उरलेले काम वरच्या टोकाचे यंत्र करते. रूळ एकेरीच आहेत. केवळ मधोमध ते दुहेरी होतात आणि तेथे दोन्ही गाड्या एकमेकींना ओलांडतात.

स्थानके एकूण सहा. खालून वर जाताना पॅरिस चौक, सोलेल बोने, हन्नेविईम, मसादा, बने झियोन आणि गान हाएम अशी ती लागतात. हन्नेविईम म्हणजे नबी; त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून स्थानकास हे नाव मिळाले. गान हाएम म्हणजे मातेची बाग. एक गाडी थांबली की दुसरीलाही थांबणे भाग असते. म्हणून स्थानकांची योजना अशी केली आहे, की खालून जेवढ्या अंतरावर एक स्थानक, वरून तेवढ्याच अंतरावर त्याचे जोडीदार. एक गाडी हन्नेविईमला उभी असते, तेव्हा दुसरी मसादाला असते. फलाट सपाट नाहीत. जिन्याप्रमाणे पायऱ्यापायऱ्यांचे आहेत, आणि डब्यांची आतील रचनाही तशीच आहे. त्यामुळे भुयार तिरके असले तरी उतारू सरळ उभा राहतो.

हे काम एका फ्रेंच कंपनीने १९५६ ते १९५९ या काळात केले. त्या स्मरणार्थच खालच्या चौकाला पॅरिसचे नाव मिळाले. ऑक्टोबर १९५९ मध्ये पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन यांच्या हस्ते उद्घाटन झाले.

परंतु त्याच वर्षाची दुसरी एक घटना विसरता येत नाही. हैफा शहर उंचीप्रमाणे विभागलेले होते. खाली बंदर आणि कष्टकऱ्यांची वस्ती, मध्ये हदारमधील दुकाने व कचेऱ्या, आणि वर कार्मेलवर सुखवस्तू लोकांची घरे. पॅरिस चौकापासून जवळच वादी सालिब हा मोहल्ला आहे. १९४८ मध्ये तेथील अरब रहिवाशांची घरे रिकामी झाली, आणि पुढे मोरोक्को व उत्तर आफ्रिकेतून आलेली यहुदी कुटुंबे त्या जुन्या घरांत दाटीवाटीने राहू लागली. जुलै १९५९ मध्ये पोलिसाच्या गोळीने तेथील एक स्थलांतरित जखमी झाला, आणि साचलेला असंतोष उफाळून आला. निदर्शक हदारपर्यंत चढून गेले. दुकानांची मोडतोड झाली. यानंतर तीनच महिन्यांनी कार्मेलित सुरू झाली.

हे वाचताना आपल्याला आपलाच काळ आठवल्यावाचून राहत नाही. १९६२ मध्ये धर्माधिकाऱ्यांनी विवाहाच्या प्रसंगी आपल्या घराण्यांची चौकशी करण्याचा आदेश काढला. त्याविरुद्ध आपले बांधव जेरुसलेममध्ये ठिय्या देऊन बसले. आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत, असे जाहीर केले. डोंगर पोखरण्यास तीन वर्षे पुरली. माणसामाणसांतील चढउतार सपाट करण्यास त्याहून अधिक काळ लागला, आणि ते काम पूर्ण झाले असे कोण म्हणेल?

कार्मेलितचे पुढील आयुष्यही सुरळीत गेले नाही. मार्ग आखूड, उपनगरांपर्यंत तो पोहोचत नाही, त्यामुळे पुष्कळ लोक बसनेच जातात. डिसेंबर १९८६ मध्ये ती बंद झाली आणि नूतनीकरणानंतर १९९२ मध्ये पुन्हा सुरू झाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये आगीमुळे ती पुन्हा थांबली, ती ऑक्टोबर २०१८ पर्यंत. तरीही शहराने तिला टाकून दिले नाही. २०२३ मध्ये तेल अवीवची नवी गाडी जमिनीखालून धावू लागेपर्यंत, शहरात जमिनीखालून धावणारी इस्राएलमधील हीच एकमेव गाडी होती.

तेव्हा वाचकहो, एलियाहू हन्नाबींच्या गुहेला जाल, तेव्हा मुलाबाळांना घेऊन पॅरिस चौकातही जावे, आणि गाडीत बसण्यापूर्वी वादी सालिबची हकीकत त्यांना सांगावी. वर गान हाएमला पोहोचण्यास सात-आठ मिनिटे लागतात. ज्यांना हा चढ एवढ्या सहज चढता आला नाही, त्यांची आठवण आपल्या मुलांनी ठेवावी, एवढीच आमची इच्छा आहे.