तुरिनचं गाणं कुठून आलं? (आणि तुमच्या सिनॉप्सिसमधला 'प्रभाव')

'अमुक साहित्याचा तमुक गाण्यावरील प्रभाव' असं शीर्षक घेऊन आरआरसीसमोर गेलात, की पहिलाच प्रश्न येतो: प्रभाव म्हणजे नेमकं काय? यावर बरेच जण गडबडतात. म्हणून आज एक उदाहरण, तेही चक्क पॉवर मेटलचं.

ब्लाइंड गार्डियन हा जर्मनीतल्या क्रेफेल्डचा बँड. त्यांचा 1998 चा 'नाइटफॉल इन मिडल-अर्थ' हा अख्खा अल्बम टोल्किनच्या 'सिल्मरिलियन'वर आहे. त्यांचंच 'हार्वेस्ट ऑफ सॉरो' हे गाणं तुरिनच्या दुःखाचं. (मेटल म्हटल्यावर कानात बोटं घालू नका, हे गाणं बरंच शांत आहे.) म्हणजे पुस्तकावरून गाणं झालं. झालं काम?

नाही. एक पायरी मागे जा. 'सिल्मरिलियन' छापलं गेलं 1977 मध्ये, टोल्किन गेल्यावर चार वर्षांनी, आणि ते जुळवलं त्याच्या मुलाने, ख्रिस्तोफरने. आणखी मागे जा. तुरिन नकळत स्वतःच्या बहिणीशी लग्न करतो, ती नदीत उडी घेते, तो आपल्या तलवारीशी बोलतो आणि तिच्यावरच जीव देतो. ही घडण फिनलंडच्या 'कालेवाला'तल्या कुलेर्वोची. टोल्किनने विद्यार्थी असताना, 1914 च्या सुमारास, तीच कथा आपल्या शब्दांत लिहायला घेतली होती. ती अपुरीच राहिली.

आता खरी गंमत. 'कालेवाला' एलियास ल्योनरोट या डॉक्टरने लोकगीतं गोळा करून रचलं. 1835 च्या आवृत्तीत सुमारे 12 हजार ओळी होत्या, 1849 च्या आवृत्तीत 22,795. कुलेर्वोचा सलग शोकांत आपल्याला दिसतो तो या दुसऱ्या आवृत्तीत. अनाथ पोराची गाणी वेगळी होती, बहिणीचं गाणं वेगळं होतं, आणि त्यांतले नायकही एकच नव्हते. ते एका नावाखाली आणले ल्योनरोटने. म्हणजे क्रेफेल्डच्या गाण्यामागे एका संपादकाची सुई-दोरा आहे! 'प्रभाव' या एका शब्दात ही सगळी शिवण झाकली जाते.

आता आपल्या जळगावात या. असोद्याच्या बहिणाबाईंना (1880–1951) लिहिता येत नव्हतं. घरात, शेतात काम करताना त्या जे गात, ते मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी उतरवून घेतलं. त्या गेल्यावर, 1952 मध्ये, पुस्तक आलं. मग 1961 च्या 'मानिनी' चित्रपटात त्यांच्या कविता पुन्हा गाणी झाल्या. गाणं, पुस्तक, परत गाणं: साखळी तीच. फरक एवढाच, की इथे मूळ गाणारीचं नाव मुखपृष्ठावर आहे. कुलेर्वो गाणाऱ्या बायकांचं नाव कालेवालाच्या मुखपृष्ठावर नाही.

पण पुस्तकात चाल नाही. चित्रपटातली चाल संगीतकाराची. बहिणाबाई कोणत्या लयीत गात असतील, हा प्रश्न छापील पानावरून सुटत नाही. मला तर हा प्रश्न 'प्रभावा'पेक्षा शंभरपट मोलाचा वाटतो.

श्रावणात कानबाईची गाणी टिपायला धुळे-जळगावच्या खेड्यांत जाणार असाल, तर आधी नुसतं रेकॉर्ड करा, शब्द नंतर लिहा. गाणारीला विचारा: हे कुणाकडून शिकलात? माहेरी असंच म्हणायचे का? दोन गाणी तिने स्वतः जोडली असतील तर जोड कुठे आहे तेही लिहून ठेवा. आणि तिची परवानगी असेल, तर तिचं नाव शोधनिबंधात घाला. तळटीपेत नको, मजकुरात.