विकाऊ कॉटेज आणि तिच्या दुरुस्त्या

इंग्लंडच्या खेड्यातली जुनी कॉटेज विकायला निघाली की एजंटच्या माहितीपत्रकात काही गोष्टी हमखास येतात. घर कोणत्या शतकातले, छताच्या तुळया उघड्या आहेत का, बैठकीच्या खोलीत इंगलनुक, म्हणजे माणूस आत बसू शकेल एवढी खोल चूल आहे का. फोटोत दारावर चढलेला गुलाब असतोच. गेल्या दीडशे वर्षांत या घरावर कोणी कोणते हात फिरवले, याविषयी मात्र पत्रक बहुधा मौन पाळते. माझे म्हणणे असे, की गिऱ्हाइकाने आपली घासाघीस याच मुद्द्यावर करावी. बाजार घराच्या वयाला भाव देतो. घर टिकते किंवा खचते ते त्याच्या दुरुस्त्यांमुळे.

आधी वर्गवारी. ‘पिरियड प्रॉपर्टी’ या नावाला कायद्यात व्याख्या नाही. व्यवहारात पहिल्या महायुद्धापूर्वीची घरे त्यात धरतात आणि राजवटींवरून त्यांचे गट पाडतात: जॉर्जियन (1714 ते साधारण 1830), व्हिक्टोरियन (1837 ते 1901), एडवर्डियन. शहरातल्या घरांना ही वाटणी बरी लागू पडते. खेड्यातल्या मजुराच्या घराला राजा बदलल्याचा पत्ताही नसे. बांधकामाच्या दृष्टीने उपयोगी सीमारेषा वेगळी आहे: एकसंध भरीव भिंत आणि पोकळीची भिंत. 1920 च्या दशकापासून इंग्लंडात दोन पदरी, मध्ये हवेची पोकळी ठेवलेल्या भिंती सर्रास होऊ लागल्या. या भिंतीत बाहेरच्या पदराने घेतलेली ओल पोकळीपाशी अडते. त्याआधीची भरीव भिंत ओल शोषते आणि हवा कोरडी झाली की परत सोडते. जुन्या घरांची निम्मी दुखणी हा फरक विसरलेल्या गवंड्यांनी दिलेली आहेत.

वय ठरवणेही वाटते तितके सोपे नाही. दारावर कोरलेले साल घर बांधल्याचे असेल, नाहीतर खोली वाढवल्याचे किंवा मालकाच्या लग्नाचे. पुढची विटांची दर्शनी भिंत अठराव्या शतकातली आणि तिच्यामागचा लाकडी सांगाडा दोनशे वर्षे आधीचा, असे प्रकार पुष्कळ. खरा पुरावा माळ्यावर मिळतो. मध्ययुगीन घरात धुराडे नसे. मधल्या दालनात जमिनीवर शेकोटी पेटे आणि धूर छपरातून वाट काढी. वासे काजळीने काळे झालेले असतील, तर मधला मजला आणि धुराडे नंतर घातले हे निश्चित. लाकडातील वार्षिक वलये मोजून झाड कोणत्या वर्षी तोडले हेही अनेकदा सांगता येते, कारण सुतार ओक ओला असतानाच वापरत. तो जागेवर वाळताना पिळला जाई. म्हणून तिरपी जमीन आणि वाकडी चौकट हा स्वतःहून दोष ठरत नाही. पाचशे वर्षांपूर्वी वाकून स्थिरावलेली तुळई आजही तशीच उभी असते. काळजी करावी ती ताज्या भेगेची.

भिंतीचे शास्त्र

कॉटेज श्रीमंतांसाठी बांधलेली नव्हती, त्यामुळे तिचे साहित्य हाताशी मिळेल ते. गाडीवाटेने दगड वाहून आणणे मजुराच्या किंवा लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात नसे. घराची भिंत पाहून खालचा भूगर्भ ओळखता येतो, तो या गरिबीमुळे. कॉट्सवोल्ड्समध्ये मधाच्या रंगाचा चुनखडक आणि छपरावर त्याच दगडाच्या फरश्या, वळचणीला मोठ्या आणि आढ्याकडे लहान होत गेलेल्या. नॉरफोकमध्ये गारगोटी. सफोक, केंट, हेरफर्डशर या जंगलांच्या मुलखात ओकचा सांगाडा. डेव्हनमध्ये माती, पेंढा आणि पाणी एकत्र तुडवून थरावर थर रचलेली कॉब नावाची दोन फुटी मातीची भिंत. सांगाड्याच्या घरात खांबांमधल्या चौकटी हेझलच्या काटक्या विणून भरत आणि त्यावर माती, शेण, पेंढा यांचा लेप देत. कोकणातला कूड ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही भिंत समजावून सांगायला नको.

या सगळ्या भिंतींचा गिलावा आणि दर्जा, म्हणजे विटा-दगडांमधले सांधे, चुन्याचे असत. चुना विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. भिंतीतली ओल सोप्या वाटेने, म्हणजे दर्जांतून बाहेर पडते. तिच्याबरोबर येणारे क्षारही तिथेच साचतात. पन्नास-शंभर वर्षांनी दर्ज झिजते, ती खरवडून पुन्हा भरायची. वीट किंवा दगड शाबूत राहावा म्हणून दर्जेने झिजायचे, अशी ही योजना आहे.

जोसेफ ऍस्पडिनने 1824 मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. विसाव्या शतकात ते खेडोपाडी पोहोचले आणि घट्ट म्हणजे चांगले, या समजुतीने जुन्या भिंतींवर थापले गेले. सिमेंट कडक असते, भिंत हलते. गिलाव्याला केसाएवढ्या चिरा पडतात, पाऊस त्यातून आत जातो आणि बाष्प होऊन बाहेर यायला वाट उरत नाही. दर्जेत सिमेंट असेल तर पाणी विटेच्या तोंडाशी येऊन थांबते, हिवाळ्यात गोठते आणि विटेचे कवच उडवते. लाकडी सांगाड्यात ते तळपटाशी साठते. तळपट म्हणजे खांबांच्या खालचे आडवे लाकूड. ते कुजले की वरचा सगळा भार सरकतो. ओल्या ओकमध्ये डेथवॉच भुंगेऱ्याची अळीही रमते. कॉबचे सर्वांत वाईट. कॉब घराला डोक्यावर चांगली टोपी आणि पायात चांगले बूट लागतात, अशी डेव्हनची म्हण आहे. म्हणजे रुंद वळचणीचे छप्पर आणि दगडी जोते. अंगात रबरी कोट घालू नये, हे म्हणीत नाही, कारण म्हण झाली तेव्हा तो कोट निघालाच नव्हता. सिमेंटच्या आवरणाखाली मातीची भिंत पायथ्याशी भिजत जाते आणि एका मर्यादेपलीकडे तिची ताकद संपून ती बसते. बाहेरून शेवटपर्यंत स्वच्छ, पांढरी दिसते.

ओल दिसली की तिच्यावरचे इलाज विकणारे ती मोजायचे यंत्र भिंतीला टेकवून जमिनीतून चढणाऱ्या ओलीचे निदान करतात आणि भिंतीत रसायन टोचण्याचा इलाज सुचवतात. हे यंत्र मुळात लाकडासाठी बनलेले; क्षार साचलेल्या गिलाव्यात ते भिंत कोरडी असली तरी मोठा आकडा दाखवू शकते. बहुतेक वेळा कारण त्याहून साधे निघते. पन्हळ तुंबलेली असते, किंवा फुलझाडांच्या वाफ्यांनी बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा वर चढलेली असते. कुदळीने सुटणाऱ्या कामासाठी रसायनाचे बिल भरण्यात अर्थ नाही.

शोभेसाठी केलेल्या दुरुस्त्याही नुकसान करतात. सफोकमधल्या पुष्कळ घरांचा सांगाडा मुळात चुन्याच्या गिलाव्याखाली झाकलेला असे. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात ‘जुनेपणा’ दिसावा म्हणून अनेक घरांचा गिलावा खरवडून लाकूड उघडे केले गेले आणि पावसाला नवी दारे मिळाली. तुळयांचा डांबरी काळा रंगही बराचसा व्हिक्टोरियन हौसेचा. माहितीपत्रकात ज्याला अस्सल म्हटले जाते, ते कधीकधी आजोबांच्या काळची सजावट असते.

छप्पर

गवती छपराचे गणित निराळे. नॉरफोकचा पाणगवताचा थर साधारण 40 ते 60 वर्षे टिकतो, विंचरून एका दिशेला लावलेल्या गव्हाच्या काडांचा 25 ते 40, लांब पेंढ्याचा त्याहून कमी. आढे मात्र दर दहा-पंधरा वर्षांनी नव्याने शाकारावे लागते. म्हणून ‘पाच वर्षांपूर्वी छप्पर केले’ हे वाक्य ऐकल्यावर विचारावे: छप्पर की आढे? काडाचा दर्जाही बदललेला आहे. आधुनिक गहू बुटका, रासायनिक खतावर वाढलेला आणि कम्बाइन हार्वेस्टरने चिरडलेला. शाकारणीला उंच काडाच्या जुन्या जाती मुद्दाम पेराव्या लागतात. डेव्हनमधल्या काही छपरांत सर्वांत खालचा थर मध्ययुगातला आणि काजळी धरलेला आहे, कारण शाकारणारे जुन्यावरच नवे घालत आले. असा थर काढून टाकणे म्हणजे दप्तरखाना जाळण्यासारखे.

विमा कंपन्यांची धास्ती आगीची, आणि ती निराधार नाही. जुन्या धुराड्याला लाकडाची आधुनिक बंद शेगडी जोडली की धुराचे तापमान वाढते, ठिणग्या आढ्यावर पडतात. धुराडे छपरापेक्षा निदान 1.8 मीटर उंच असावे असा सल्ला देतात. शेक्सपिअरची पत्नी ऍन हॅथवे हिचे शॉटरीचे घर 1969 मध्ये आगीत होरपळले होते. (जगाला कॉटेज म्हणून ठाऊक असलेले ते घर बारा खोल्यांचे आहे. एजंटांची कॉटेजची कल्पना ऐसपैस असते, तिला ही जुनी परंपरा आहे.)

कायद्याची बाजू

मजुरांची ही घरे जपावीत, असे पूर्वी कोणाला वाटत नव्हते. 1589 च्या एका कायद्याने तर चार एकर जमीन सोबत नसेल तर कॉटेज बांधायलाच बंदी केली होती. तो 1775 मध्ये रद्द झाला. जतनाचा विचार विल्यम मॉरिसने 1877 मध्ये स्थापलेल्या प्राचीन वास्तुसंरक्षण संस्थेपासून रुजला. तिचा आग्रह जीर्णोद्धारापेक्षा नियमित डागडुजीचा होता, आणि तो आजही योग्य वाटतो. 1896 मध्ये नॅशनल ट्रस्टने आपली पहिली वास्तू घेतली, ससेक्समधले ऍल्फ्रिस्टनचे चौदाव्या शतकातले गवती घर, दहा पौंडांना. खरेदी स्वस्त होती, खर्च पुढच्या दुरुस्तीचा होता.

आज इंग्लंडच्या वारसायादीत सुमारे चार लाख नोंदी आहेत. त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक दुसऱ्या श्रेणीच्या आणि बहुतेक कॉटेज याच श्रेणीत येतात. मूळ स्वरूप बऱ्यापैकी टिकलेले 1700 पूर्वीचे घर जवळजवळ नक्कीच यादीत असते. यादी म्हणजे दर्शनी भाग, हा गैरसमज सार्वत्रिक आहे. संरक्षण आतल्या जिन्याला, दारांना, गिलाव्यालाही असते, आणि 1 जुलै 1948 पूर्वीपासून आवारात असलेल्या वास्तूंनाही. 1990 च्या कायद्यानुसार घराचे स्वरूप बदलणारे काम परवानगीविना करणे हा फौजदारी गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, अमर्याद दंड किंवा दोन्ही. त्याच साहित्याने, त्याच पद्धतीने केलेल्या दुरुस्तीला बहुधा परवानगी लागत नाही.

खरेदीदाराला झोंबणारे कलम पुढे आहे. बेकायदा काम पूर्ववत करायला लावणाऱ्या नोटिशीला कालमर्यादा नाही आणि ती विद्यमान मालकावर बजावता येते. 1985 मध्ये कोणी प्लास्टिकच्या खिडक्या बसवल्या असतील तर खटला त्याच्यावर, पण त्या काढून लाकडी बसवण्याचा खर्च तुमचा. जुन्या दुरुस्त्या अशा रीतीने खरेदीखताबरोबर हस्तांतरित होतात. माळ्यावर वटवाघळे असली तर त्यांना 1981 पासून वेगळे संरक्षण आहे. छपराचे काम त्यांच्या वेळापत्रकाने होते.

दस्तांतही असेच वारसे दडलेले असतात. ओळीने जोडलेल्या कॉटेजांत एकाची खोली दुसऱ्याच्या छताखाली शिरलेली असते, आणि अशा मालकीवर कर्ज देताना बँका कुरकुरतात. काही जमिनींवर गावच्या चर्चच्या गाभाऱ्याची दुरुस्ती करण्याचे मध्ययुगीन बंधन आहे. वॉरिकशरमधल्या ऍस्टन कँटलोच्या खटल्यात 2003 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ते जमीनमालकांवर कायम केले. 13 ऑक्टोबर 2013 नंतर मोबदला देऊन घेतलेल्या जमिनीवर ते नोंद असेल तरच लागू होते. सेप्टिक टँकचे पाणी थेट ओढ्यात जात असेल तर तो बदलण्याची जबाबदारी कोणाची, हे सौद्यातच ठरवावे. इंग्लंडमध्ये करारांची अदलाबदल होईपर्यंत तोंडी होकार कोणालाच बांधत नाही. गिऱ्हाइकाला याचा त्रास होतो, पण सविस्तर पाहणी करून किंमत पुन्हा बोलायची मुभाही त्यातूनच मिळते.

किंमत

साडेचार लाख पौंडांची कॉटेज धरू. एप्रिल 2025 पासूनच्या दरांनी राहण्यासाठी घेतली तर मुद्रांक शुल्क 12,500 पौंड. दुसरे घर म्हणून घेतली तर पाच टक्के अधिभारासह 35,000. खरेदीदार ब्रिटनचा रहिवासी नसेल तर आणखी दोन टक्के, म्हणजे 44,000. पुण्या-मुंबईतून इंग्लंडातल्या कॉटेजचे स्वप्न पाहणाऱ्याने शेवटचा आकडा लक्षात ठेवावा. दुसऱ्या घरांवर दुप्पट कौन्सिल टॅक्स लावण्याची मुभाही स्थानिक संस्थांना त्याच महिन्यापासून मिळाली. शिवाय अशी घरे हिवाळाभर बंद राहतात. ना चूल पेटते ना खिडकी उघडते, आणि ओल नेमकी तेव्हाच वाढते.

करव्यवस्थेचा कल विचित्र आहे. नवे घर बांधले तर व्हॅट शून्य. जुन्याची दुरुस्ती केली तर सर्वसाधारणपणे 20 टक्के. यादीतल्या घरांत परवानगीने केलेल्या बदलांना सूट होती, तीही ऑक्टोबर 2012 मध्ये गेली. सरकार एका हाताने घर जपायला सांगते आणि दुसऱ्या हाताने जपण्यावर कर घेते.

आता एकाच गावातल्या, एकाच काळच्या दोन कॉब कॉटेज घ्या. पहिली सिमेंटच्या गिलाव्यात गुळगुळीत, नुकती रंगवलेली. दुसरीच्या चुन्याचे पापुद्रे निघत आहेत, जोत्याशी हिरवळ धरली आहे. बाजार पहिलीला जास्त भाव देतो. माझ्या हिशेबाने ती स्वस्त मिळायला हवी. सिमेंट उतरवायचे, कुजलेली लाकडे बदलायची, पुन्हा चुना करायचा आणि सगळ्यावर व्हॅट भरायचा. भिजलेली भिंत महिन्याला इंचभर वाळते असा ठोकताळा आहे. दोन फुटी भिंतीला वर्ष-दोन वर्षे लागतात, आणि तोवर आतला नवा गिलावा करता येत नाही. दुसरीला चुन्याचे दोन-तीन हात आणि पन्हळीची सफाई पुरते.