दहिसरमधील गृहसंकुलांची वृक्षनिगा

गृहसंकुलांची वृक्षनिगा म्हणजे निवासी इमारतींच्या आवारातील झाडांची नियमित तपासणी, छाटणी, रोग-किडींवरील उपचार आणि अन्य उपाय उरला नसल्यास परवानगीने केलेली तोड. हे काम शास्त्रीय पद्धतीने करणाऱ्या व्यक्तीस वृक्षनिगा तज्ज्ञ किंवा आर्बोरिस्ट असे म्हणतात. मुंबई उपनगर जिल्ह्याच्या उत्तर टोकावरील दहिसर येथे हा विषय सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या कारभाराशी निगडित आहे. आवारातील झाड संस्थेच्या मालकीचे असले, तरी ते तोडण्याचा किंवा त्याला इजा करण्याचा अधिकार संस्थेस नसतो. त्यासाठी कायद्याने स्थापन झालेल्या यंत्रणेची पूर्वपरवानगी आवश्यक असते.

पार्श्वभूमी

दहिसर १९५७ मध्ये बृहन्मुंबईच्या हद्दीत आले. त्याच्या पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, पश्चिमेस खाडीकाठची कांदळवने आणि उत्तरेस ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर महानगरपालिकेची हद्द आहे. राष्ट्रीय उद्यानातील तुळशी तलावाच्या परिसरातून येणारी दहिसर नदी उपनगरातून वाहत जाऊन खाडीस मिळते. जुन्या वाड्यांमधील नारळ, आंबा, फणस यांसारखी झाडे आणि नंतर वसाहती उभारताना लावलेली गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष, आसुपालव, बदाम यांसारखी झाडे अशा दोन्ही प्रकारची झाडे येथील आवारांत आढळतात.

इमारतींच्या आवारात झाडांना मुळे पसरण्यास पुरेशी जागा मिळत नाही. वाहनतळासाठी केलेले काँक्रिटीकरण, पेव्हर ब्लॉक, जलवाहिन्या व मलनिस्सारण वाहिन्यांसाठी केलेले खोदकाम आणि संरक्षक भिंतीचा पाया यांमुळे मुळे तुटतात किंवा गुदमरतात. अशी झाडे वरून हिरवीगार दिसली, तरी पावसाळ्यात माती सैल झाल्यावर वाऱ्याच्या झोताने उन्मळून पडू शकतात. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात मुंबईत शेकडो झाडे कोसळली होती.

कायदेशीर चौकट

मुंबईतील झाडांना महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. या अधिनियमानुसार महानगरपालिका क्षेत्रात वृक्ष प्राधिकरण स्थापन केले जाते आणि महापालिका आयुक्त त्याचे अध्यक्ष असतात. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणे हे प्राधिकरणाच्या कर्तव्यांपैकी एक आहे. बृहन्मुंबईतील २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या वृक्षगणनेत सुमारे २९.७५ लाख झाडांची नोंद झाली.

अधिनियमातील ‘झाड तोडणे’ या संज्ञेची व्याप्ती मोठी आहे. झाड बुंध्यापासून कापणे एवढाच तिचा अर्थ नसून झाड जाळणे किंवा त्यास कोणत्याही प्रकारे इजा पोहोचवणे यांचाही तीत समावेश होतो. बुंध्याची साल गोलाकार काढणे, मुळाशी रसायन ओतणे किंवा सर्व फांद्या छाटून नुसते खोड उभे ठेवणे ही कृत्येही त्यामुळे कारवाईस पात्र ठरू शकतात. विनापरवाना तोड हा दंडनीय अपराध आहे.

२०२१ मध्ये अधिनियमात महत्त्वाच्या सुधारणा करण्यात आल्या. ५० वर्षे किंवा त्याहून अधिक अंदाजित वयाच्या झाडास ‘प्राचीन वृक्ष’ (हेरिटेज ट्री) असा दर्जा देण्यात आला. तोडल्या जाणाऱ्या झाडाच्या वयाइतक्या संख्येने भरपाई म्हणून नवी झाडे लावण्याचे आणि त्यांची सात वर्षे निगा राखण्याचे तत्त्वही स्वीकारण्यात आले. त्यामुळे जुने झाड तोडण्याचा निर्णय संस्थेसाठी आर्थिकदृष्ट्याही भारी ठरतो.

दहिसरच्या सीमाभागात अधिकारक्षेत्र तपासून घेणे आवश्यक असते. दहिसर चेकनाक्यापलीकडील आवारांसाठी मीरा-भाईंदर महानगरपालिकेकडे अर्ज करावा लागतो. कांदळवनांना स्वतंत्र संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यातील कांदळवनांच्या तोडीस मनाई केली आणि २०१८ च्या निकालात हे संरक्षण कायम ठेवले. संस्थेच्या भिंतीलगतची कांदळवनातील झाडे कोणताही ठेकेदार ‘झुडपे साफ करणे’ या नावाखाली काढू शकत नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतील झाडे वन विभागाच्या अखत्यारीत येतात.

परवानगीची प्रक्रिया

दहिसर हे बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या आर/उत्तर विभागात मोडते. झाडाविषयीचा अर्ज विभाग कार्यालयातील उद्यान खात्याकडे केला जातो. गृहनिर्माण संस्थेच्या बाबतीत व्यवस्थापक समितीने ठराव संमत करून अध्यक्ष किंवा सचिवाच्या सहीने अर्ज करणे सोयीचे ठरते, कारण आवारातील झाड ही सामाईक मालमत्ता असते व एखाद्या सदस्याला ते वैयक्तिकरीत्या तोडता येत नाही. अर्जात झाडाची जात, संख्या, जागा, छायाचित्रे आणि छाटणी किंवा तोडीचे कारण नमूद केले जाते.

अर्जानंतर उद्यान खात्याचे कर्मचारी जागेची पाहणी करतात. तोडीचा प्रस्ताव असल्यास झाडावर सूचना लावून आणि वृत्तपत्रांत जाहीर सूचना देऊन नागरिकांच्या हरकती मागवण्याची तरतूद अधिनियमात आहे. मृत किंवा रोगग्रस्त झाड, जीवितास वा मालमत्तेस धोका निर्माण करणारे झाड आणि वाहतुकीस अडथळा ठरणारे झाड ही परवानगीची प्रमुख कारणे आहेत. पानगळीमुळे होणारा कचरा, पक्ष्यांची विष्ठा किंवा खिडकीतून दिसणारे दृश्य अडणे ही कारणे यांत बसत नाहीत.

परवानगी विशिष्ट झाडासाठी व विशिष्ट कामासाठी दिली जाते. छाटणीची परवानगी घेऊन झाड तोडणे किंवा एका झाडाच्या परवानगीवर शेजारचे झाड कापणे हा परवानगीचा भंग होय. त्यामुळे काम सुरू होण्यापूर्वी मूळ परवानगीपत्र संस्थेने स्वतः वाचणे आवश्यक असते.

वृक्षनिगा तज्ज्ञाची पात्रता

वृक्षनिगा तज्ज्ञ म्हणून व्यवसाय करण्यासाठी वकील किंवा डॉक्टरप्रमाणे वैधानिक परिषदेकडे नोंदणी करण्याची पद्धत भारतात नाही. त्यामुळे ‘झाडे कापून मिळतील’ असा फलक लावणारा ठेकेदार आणि प्रशिक्षित तज्ज्ञ यांतील फरक ग्राहकालाच ओळखावा लागतो. वनस्पतिशास्त्र, उद्यानविद्या किंवा वनशास्त्रातील पदवी, झाडांच्या तपासणीचा अनुभव आणि आधी केलेल्या कामांचे लेखी अहवाल हे निकष उपयुक्त ठरतात.

आंतरराष्ट्रीय पातळीवर इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर ही १९२४ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली संस्था परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते. प्रमाणपत्रधारकास ठरावीक काळाने त्याचे नूतनीकरण करावे लागते. भारतात असे प्रमाणपत्रधारक मोजकेच असल्याने दहिसरसारख्या उपनगरात संस्था प्रायः दोन वेगळ्या व्यक्तींवर अवलंबून असतात : सल्ला देणारा वनस्पतिशास्त्र वा उद्यानविद्येचा जाणकार आणि प्रत्यक्ष काम करणारा ठेकेदार.

ही विभागणी हितकारक ठरू शकते. तोडीच्या कामावर ज्याचे उत्पन्न अवलंबून आहे, त्यानेच झाड धोकादायक ठरवल्यास हितसंबंधांचा संघर्ष निर्माण होतो. पाहणीचा अहवाल स्वतंत्र व्यक्तीकडून घेतल्यास तो टळतो.

धोक्याची तपासणी

झाडाचा धोका तीन गोष्टींवरून ठरवला जातो : झाड किंवा फांदी तुटण्याची शक्यता, ती माणसावर वा मालमत्तेवर पडण्याची शक्यता आणि पडल्यास होणाऱ्या हानीचे स्वरूप. मोकळ्या कोपऱ्यातील पोकळ झाडापेक्षा मुलांच्या खेळाच्या जागेवर झुकलेली सुकी फांदी अधिक तातडीची असू शकते.

तज्ज्ञ प्रथम बुंधा, मुळांचा दृश्य भाग, फांद्यांचे जोड आणि शेंडा पाहतो. बुंध्याशी उगवलेली छत्रीसारखी बुरशी, मातीला पडलेल्या भेगा, नव्याने आलेला कल, सालीखालील भुसा आणि उभी चीर ही धोक्याची लक्षणे आहेत. लाकडी हातोडीने खोड ठोकून आवाजावरून पोकळीचा अंदाज घेतला जातो. अधिक अचूकतेसाठी ध्वनिलहरींवर किंवा बारीक सुईच्या छिद्रणावर चालणारी उपकरणे वापरली जातात. बुंध्याचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजतात.

नारळाच्या झाडाची तपासणी वेगळ्या प्रकारे करावी लागते. सोंड्या भुंग्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात आणि प्रादुर्भाव बराच वाढेपर्यंत झावळ्या हिरव्याच राहू शकतात. जुलै २०१७ मध्ये चेंबूर येथे नारळाचे झाड अंगावर कोसळून सकाळी फिरावयास गेलेल्या एका महिलेचा मृत्यू झाला. हे झाड काढण्यासाठी आधी अर्ज करण्यात आला होता व पाहणीत ते सुस्थितीत ठरवले गेले होते, असे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले. केवळ जमिनीवरून केलेली पाहणी पुरेशी आहे का, हा प्रश्न या दुर्घटनेनंतर चर्चेत आला. पर्जन्यवृक्षांच्या बाबतीत पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने मुंबईतील अनेक मोठी झाडे वाळल्याचे मागील दशकात आढळले आहे.

छाटणीची पद्धत

योग्य छाटणीत सुकलेल्या, मोडलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि इमारतीवर वा वीजतारांवर आलेल्या फांद्या निवडून काढल्या जातात. जड फांदी तीन कापांत उतरवतात. पहिला काप खोडापासून काही अंतरावर फांदीच्या खालच्या बाजूने अर्धवट घेतात, दुसऱ्या कापाने फांदीचा भार वेगळा करतात आणि तिसऱ्या कापाने उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्यालगत काढतात. पहिला काप न घेतल्यास फांदी कोसळताना खोडाची साल खालपर्यंत सोलली जाते. फुगीर कडे शाबूत राहिल्यास झाड जखमेभोवती संरक्षक थर तयार करते. अमेरिकन वनस्पतिवैज्ञानिक ॲलेक्स शायगो यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही प्रक्रिया विशद केली. त्यानंतर जखमेवर रंग किंवा डांबर लावण्याची पद्धत मागे पडली.

झाडाचा शेंडा उडवणे किंवा एका बाजूच्या सर्व फांद्या काढणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. शेंडा उडवलेल्या झाडास अनेक नवे धुमारे फुटतात. त्यांचे जोड कमकुवत असल्याने काही वर्षांनी तेच धोकादायक ठरतात. एका बाजूने छाटलेल्या झाडाचा तोल दुसऱ्या बाजूस जातो. म्हणजेच धोका कमी करण्यासाठी केलेल्या अशास्त्रीय छाटणीनेच धोका वाढतो. एका हंगामात पर्णसंभाराच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग काढू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे.

छाटणीची कामे प्रामुख्याने पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मे महिन्यांत केली जातात. हाच अनेक पक्ष्यांच्या विणीचा काळ असतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित पक्ष्यांची अंडी व घरटी यांना हानी पोहोचवणे गुन्हा असल्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी घरट्यांची पाहणी करावी लागते.

ठेकेदाराची नेमणूक

काम देण्यापूर्वी संस्थेने किमान दोन-तीन लेखी दरपत्रके मागवावीत, अशी शिफारस केली जाते. दरपत्रकात पुढील बाबी स्पष्ट असणे अपेक्षित असते :

* कोणत्या झाडाच्या कोणत्या फांद्या काढायच्या याचे वर्णन. केवळ ‘छाटणी’ हा शब्द पुरेसा नसतो.
* परवानगी कोणी काढायची आणि तिचे शुल्क कोणी भरायचे.
* कामगारांचा अपघात विमा व तृतीय पक्ष विमा.
* दोर, कंबरपट्टा, शिरस्त्राण, चेनसॉ, हायड्रॉलिक शिडी इत्यादी साधनांची उपलब्धता.
* कापलेले लाकूड व पालापाचोळा यांची विल्हेवाट आणि लाकडाची मालकी.
* वाहने, छपरे, वाहिन्या यांचे नुकसान झाल्यास जबाबदारी.

लाकडाच्या बदल्यात विनामूल्य काम करण्याचा प्रस्ताव स्वीकारल्यास अधिक जाड फांद्या कापण्याकडे कल होण्याची शक्यता असते. कामगारांच्या विम्याची बाब औपचारिक नाही. उंचीवरील या कामात पडून, फांदी लागून किंवा वीजतारेस स्पर्श होऊन मृत्यू ओढवू शकतो. कायद्यानुसार कामावर असताना झालेल्या अपघाताची भरपाई देय ठरते. वीजतारांजवळील कामापूर्वी संबंधित वीज कंपनीस कळवून पुरवठा बंद करून घेणे अनिवार्य समजले जाते. कामाच्या वेळी झाडाखालील वाहने हलवून तो भाग दोरीने बंद केला जातो.

तोडीचे पर्याय

तोडीपूर्वी इतर उपाय पडताळले जातात. फांद्यांचा भार हलका करणे, दुभंगलेल्या फांद्यांना तारदोराचा आधार देणे, किडीवर उपचार करणे आणि बुंध्याभोवतीचे काँक्रीट काढून माती मोकळी करणे हे त्यांपैकी प्रमुख होत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांसंबंधी दिलेल्या आदेशात बुंध्याभोवती एक मीटर परिघातील काँक्रीट काढण्यास सांगितले होते. हे परिमाण इतर शहरांतही मार्गदर्शक मानले जाते. पुनर्रोपण हा पर्यायही सुचवला जातो. तथापि मोठ्या झाडाची बहुतांश मुळे खोदताना तुटत असल्याने त्याचे यश झाडाची जात, वय, मुळांचा गोळा आणि नंतरची निगा यांवर अवलंबून राहते.

आपत्कालीन परिस्थिती

झाड किंवा मोठी फांदी पडल्यास किंवा कोणत्याही क्षणी पडण्याच्या स्थितीत असल्यास महानगरपालिकेच्या आपत्कालीन व्यवस्थापन कक्षाशी १९१६ या क्रमांकावर, तर कोणी अडकले असल्यास अग्निशमन दलाशी १०१ या क्रमांकावर संपर्क साधता येतो. झाडाखाली वीजतार तुटलेली असल्यास पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत फांद्यांना हात लावू नये. पडलेल्या झाडाची छायाचित्रे, आधीचे अर्ज आणि पाहणी अहवाल जतन केल्यास विमा व नुकसानभरपाईच्या दाव्यांत त्यांचा उपयोग होतो.

सर्वोच्च न्यायालयाने राजकोट महानगरपालिका विरुद्ध मंजुळाबेन जयंतीलाल नाकुम (१९९७) या खटल्यात रस्त्याकडेचे झाड पडून झालेल्या मृत्यूबद्दल महापालिकेस निष्काळजीपणासाठी जबाबदार धरले नाही. झाडाच्या धोक्याची आधी कल्पना होती का, हा अशा दाव्यांत कळीचा प्रश्न असतो. त्यामुळे गृहसंकुलातील प्रत्येक झाडाची जात, घेर, तपासणीची तारीख आणि आढळलेली लक्षणे यांची नोंदवही ठेवणे झाडाच्या आणि रहिवाशांच्याही हिताचे ठरते. अशा नोंदीमुळे सुदृढ झाड केवळ भीतीपोटी तोडले जात नाही आणि धोकादायक झाड दुर्लक्षामुळे उभे राहत नाही.

हे सुद्धा पहा

* दहिसर नदी
* संजय गांधी राष्ट्रीय उद्यान
* बृहन्मुंबई महानगरपालिका
* कांदळवन
* सहकारी गृहनिर्माण संस्था