सुमेरचा सातू

प्राचीन सुमेरचे मृत्तिकालेख चाळूं लागलें कीं राजांच्या पराक्रमापेक्षां धान्याचे हिशेबच अधिक भेटतात. ह्या रुक्ष आंकड्यांतून थॉर्किल्ड जेकबसेन व रॉबर्ट अ‍ॅडम्स या पंडितद्वयानें १९५८ सालीं एका संस्कृतीच्या ऱ्हासाची उपपत्ति मांडली. पुढें ती सिद्धान्ताच्या थाटानें वावरूं लागली. तिला तो अधिकार आहे काय?

उपपत्ति अशी. इ. स. पूर्वी ३५०० च्या सुमारास दक्षिण इराकांत गहूं व सातू, म्हणजे संस्कृतांतील यव, जवळजवळ सारखेच पिकत. २१०० च्या सुमारास गिर्सूच्या परिसरांत गव्हाचा वांटा शेंकडा दोनांवर आला. १७०० च्या सुमारास दक्षिणेंत गहूं उरलाच नाहीं. सातूचें उत्पन्नहि गिर्सू येथें २४०० च्या सुमारास हेक्टरीं २५३७ लिटर होतें, तें लार्सा येथें १७०० च्या सुमारास ८९७ वर उतरलें. कारण मीठ. कालव्याच्या पाण्याबरोबर क्षार येतात, सपाट जमिनींतून निचरा होत नाहीं, भूजल वर चढतें. ऊन पाणी नेतें आणि क्षार मागें राहतात. नीरेच्या कालव्याखालीं चोपण झालेली जमीन ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस हें समजावून सांगावयास नको. अशा जमिनींत गहूं हटतो व सातू तग धरतो. सबब सातूची वाढ ही मिठाची साक्ष!

सातूची कीर्ति खोटी नव्हे. मास व हॉफमन यांच्या १९७७ च्या कोष्टकाप्रमाणें भिजल्या मातीच्या अर्काची विद्युद्वाहकता मीटरला ६ डेसिसीमेन्स झाली कीं गव्हाचें उत्पन्न घटूं लागतें. सातूचें ८ झाल्यावर. परंतु उगवतीस सातूहि ४-५ च्या वर क्षार सोसत नाहीं, आणि वाणावाणांत अंतर पडतें तें निराळेंच. शिवाय हा गहूं आजचा. सुमेरी गहूं बहुतांशीं आपल्या खपलीच्या जातीचा होता.

आमचा मुख्य आक्षेप मात्र दुसराच आहे. सातू लौकर पिकतो, थोड्या पाण्यावर येतो. सुमेरी लोकांची सुरा त्याची आणि मजुरीहि त्याच धान्यांत. मीठ नसतें तरी कोठारांच्या कारभाऱ्यांनीं त्यालाच पसंती दिली असती. १९८५ सालीं मार्व्हिन पॉवेल यांनीं तर बियाणें व उत्पन्न यांच्या आंकड्यांच्या वाचनावरच बोट ठेविलें.

मीठ नव्हतें असें आम्ही म्हणत नाहीं. अत्रहासीसाच्या काव्यांत देवकोपानें शेतें पांढरीं पडल्याचें वर्णन आहे, आणि तें कोणा कवीस घरबसल्या सुचलें नसावें. पण ऊरचें राज्य मोडकळीस आलें तेव्हांचीं म्हणून जीं पत्रें उत्तरकालीन प्रतींतून उरलीं आहेत, त्यांत इश्बी-एर्रा हा इब्बी-सिन राजास कळवितो कीं धान्य खरेदी करून इसिन नगरांत आणलें आहे. अमोराई टोळ्या देशांत शिरल्यामुळें तें पुढें पोंचवितां येत नाहीं, नावा पाठवाव्या. धान्य होतें, वाट नव्हती.