हातोडीवरचा नमदा

पियानो म्हटला की लोकांना काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आठवतात. आम्हांला मात्र त्याच्या पोटातल्या लाकडी हातोड्यांचा इतिहास अधिक मोलाचा वाटतो. पट्टी दाबली की हातोडी तारेवर आदळते आणि लगेच मागे सरते. सूर गोड निघणार की कर्कश, हे बरेचसे त्या हातोडीच्या अंगावर काय आहे यावर ठरते.

इ.स. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने हे वाद्य घडवले. त्याची हातोडी कागदाच्या गुंडाळीची, वर चामडे. पुढे शंभरेक वर्षे चामडेच चालले. मग तारा जाड झाल्या. १८२५ साली बोस्टनच्या आल्फियस बॅबकॉकने ओतीव लोखंडी चौकटीचे पेटंट घेतले आणि ताण वाढवायला वाट मिळाली. आजच्या मोठ्या पियानोत तारांचा एकूण ताण वीस टनांच्या आसपास जातो! १८२६ मध्ये पॅरिसच्या आंरी पाप याने हातोडीसाठी लोकरीच्या नमद्याचे पेटंट घेतले, आणि हळूहळू चामडे मागे पडले.

हा नमदा लाकडावर दाबून, ताणून चढवतात. बाहेरचा थर ताणलेला, आतला दबलेला. त्यामुळे त्याला उसळी असते. पण वर्षानुवर्षे तारांवर आपटून त्यावर चरे पडतात, टोक चपटे होते, लोकर घट्ट होते आणि सूर पत्र्यासारखा वाजू लागतो. मग जाणकार पॉलिश पेपरच्या पट्टीने खांद्याकडून टोकाकडे घासून हातोडीला पुन्हा अंड्यासारखा आकार देतो. नंतर सुया टोचून दबलेली लोकर मोकळी करतो. त्याही मुख्यतः खांद्यांत, टोकाला फार जपून. आमच्या नदाफ बांधवांना हे सांगावे लागणार नाही. गादीतला दडपलेला कापूस पिंजून मोकळा करण्याचाच हा प्रकार. फरक एवढाच की कापूस पुन्हा पिंजता येतो, घासलेला नमदा परत येत नाही. थर फारच पातळ झाला तर नवी हातोडी बसवण्यावाचून गत्यंतर नसते.

वाद आहे तो इथे. घरच्या पियानोला नवी हातोडी बसवली तर कोणाचे काही बिघडत नाही. पण वाद्य जुने, दुर्मिळ असेल तर त्याच्या हातोडीवरचे चामडे किंवा नमदा हाच त्या काळच्या आवाजाचा पुरावा असतो. क्रिस्तोफोरीचे तीनच पियानो उरले आहेत. त्यांतला १७२० चा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तो वाजतो, पण त्याच्यात पुष्कळ फेरफार झाले, १९३८ मध्ये आवाज घुमवणारी फळीसुद्धा बदलली गेली. मूळचा सूर त्यातून आता कळत नाही. १७२२ चा रोममध्ये आहे आणि १७२६ चा जर्मनीत लाइपझिगला. हे दोन वाजवता येत नाहीत. तरीही आमच्या मते इतिहासाला त्या दोन मुक्या वाद्यांचाच उपयोग जास्त.